मॉस्कोची तार आणि ती पाठवणारा माणूस

आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या पेपरात शीतयुद्धावर एक प्रश्न हमखास असतो, आणि त्याच्या उत्तरात एक ठरलेले वाक्य असते. जॉर्ज केनन या अमेरिकन मुत्सद्द्याने १९४६ साली मॉस्कोहून एक लांबलचक तार पाठवली आणि तिच्यातून रशियाला रोखून धरण्याचे, म्हणजे कंटेनमेंटचे धोरण जन्माला आले. विद्यार्थिदशेत मीही हे वाक्य लिहून गुण मिळवले आहेत आणि आता गेली वीस वर्षे वर्गात तेच वाक्य सांगत आलो आहे. मध्यंतरी एका विद्यार्थिनीने तास संपता संपता विचारले, सर, त्या माणसाचे पुढे काय झाले? मला धड उत्तर देता आले नाही. मग ग्रंथालयातून त्यांच्या आठवणींचे खंड काढले, पुढे त्यांचे चरित्र आणि रोजनिशीही वाचली. तेव्हा लक्षात आले की आपण शिकवतो ते वाक्य खोटे नाही, पण अर्धेच आहे. उरलेला अर्धा भाग त्या विद्यार्थिनीला सांगायचा राहिला, तो या निमित्ताने सांगतो.

जॉर्ज फ्रॉस्ट केनन यांचा जन्म १६ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतील मिलवॉकी या शहरात झाला. वडील करविषयक कायद्याचे जाणकार वकील. आई मात्र मुलगा दोन महिन्यांचा असतानाच वारली. आपल्या जन्मापायी आई गेली, अशीच समजूत मनात धरून हा मुलगा वाढला. एकलकोंडा, लाजाळू, पटकन दुखावला जाणारा असा त्याचा स्वभाव बनला आणि तो शंभर वर्षे तसाच राहिला. आठव्या वर्षी त्याला कुटुंबासह जर्मनीत काही महिने राहायला मिळाले, तेवढ्यात तो जर्मन बोलू लागला. घराण्यात आणखी एक जॉर्ज केनन होऊन गेले होते. ते आजोबांचे चुलतभाऊ. त्यांनी एकोणिसाव्या शतकात सैबेरिया पालथा घालून झारच्या राजवटीतील हद्दपार कैद्यांचे हाल जगापुढे मांडले होते. दोघांचे नाव एक, जन्मतारीखही एक. धाकट्या जॉर्जने हा योगायोग आयुष्यभर मनावर घेतला.

सैनिकी शाळेत आणि मग प्रिन्स्टन विद्यापीठात शिक्षण घेऊन १९२५ साली ते पदवीधर झाले. प्रिन्स्टनमध्ये श्रीमंतांच्या मुलांत त्यांचे मन कधी रमले नाही. दुसरे काही सुचेना, म्हणून परराष्ट्र सेवेची परीक्षा दिली आणि १९२६ साली ते नोकरीत शिरले. जिनिव्हा आणि हॅम्बुर्ग येथे दुय्यम वाणिज्यदूत म्हणून काम केल्यावर पुन्हा शिकायला जावे म्हणून ते नोकरी सोडण्याच्या बेतात होते. तेवढ्यात खात्यानेच एक योजना पुढे केली. एखादी अवघड भाषा शिकायची तयारी असेल तर तीन वर्षांचा खर्च सरकार करील. केनन यांनी रशियन निवडली.

त्या वेळी, म्हणजे १९२८ साली, अमेरिकेने सोव्हिएत सरकारला मान्यताही दिलेली नव्हती. ज्या देशात आपली वकिलात नाही, त्या देशाची भाषा शिकून काय मिळणार, असा हिशेब एखाद्याने केला असता. केनन यांनी बर्लिनमध्ये रशियन शिक्षकांकडून शिक्षण घेतले आणि बाल्टिक किनाऱ्यावरील रिगा शहरात बसून रशियन वर्तमानपत्रे वाचली. राजकारणाआधी त्यांनी साहित्य वाचले. चेखॉव्ह हा त्यांचा सर्वांत आवडता लेखक. त्याचे चरित्र लिहावे, ही इच्छा त्यांनी पुष्कळ वर्षे बाळगली. याच काळात, १९३१ साली, ॲनेलिस सॉरेन्सन या नॉर्वेजियन तरुणीशी त्यांचा विवाह झाला आणि तो संसार त्र्याहत्तर वर्षे टिकला.

१९३३ साली रूझवेल्ट यांनी सोव्हिएत संघाला मान्यता दिली. पहिले राजदूत विल्यम बुलिट मॉस्कोला निघाले, तेव्हा त्यांना रशियन जाणणारा माणूस हवा होता. अशा रीतीने केनन मॉस्कोला पोचले. पुढच्या तीन-चार वर्षांत त्यांनी स्टालिनची दहशत जवळून पाहिली. १९३७ सालच्या जानेवारीत जुन्या क्रांतिकारकांवर जो जाहीर खटला चालला, त्यात नवे राजदूत जोसेफ डेव्हिस यांच्या शेजारी दुभाषी म्हणून केनन बसले होते. आरोपी स्वतःच्या तोंडाने स्वतःचे गुन्हे कबूल करीत होते. राजदूतांना ते बरेचसे खरे वाटले. दुभाष्याला त्या शब्दांमागचा आवाज ऐकू येत होता, त्याला ते मुळीच खरे वाटले नाही. न्यायालय एकच, वाक्येही तीच, पण भाषांतरातून ऐकणारा आणि मुळातून ऐकणारा यांच्यात केवढे अंतर पडते, याचे याहून बोलके उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

पुढची वर्षे धामधुमीची गेली. १९३८ सालच्या सप्टेंबरात म्युनिकचा करार होत असतानाच ते प्रागला रुजू झाले. युद्ध सुरू झाल्यावर बर्लिनच्या वकिलातीत गेले. १९४१ च्या डिसेंबरात जर्मनीने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा वकिलातीतील सगळ्यांना बाड नाउहाइम या गावी एका हॉटेलात सुमारे पाच महिने नजरकैदेत ठेवण्यात आले. शंभराहून अधिक अमेरिकनांची व्यवस्था आणि त्यांच्या कुरबुरी सांभाळण्याचे काम केनन यांच्याकडे आले. ही नजरकैद लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

सुटका झाल्यावर त्यांची नेमणूक लिस्बनला झाली. आपल्या भागातील वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांवर दोस्त राष्ट्रांना विमानतळ हवे होते आणि बेटे पोर्तुगालची होती. हुकूमशहा सालाझार यांना भीती अशी की एकदा आत आलेले अमेरिकन आपल्या वसाहती गिळतील. तेव्हा १९४३ च्या ऑक्टोबरात केनन यांच्याच हस्ते अमेरिकेने सालाझार यांना आश्वासन दिले की पोर्तुगालच्या सर्व वसाहतींवरील त्याच्या सार्वभौमत्वाचा आम्ही आदर करू. सर्व वसाहती या शब्दांत गोवाही आला. लिस्बनमधील त्या कागदावर गोमंतकीयांचे नाव नव्हते, त्यांना कोणी विचारलेही नव्हते. गोवा मुक्त व्हायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. ज्या बेळगावातून सत्याग्रहींच्या तुकड्या सीमेकडे निघत, तेथील जुन्या माणसांना या आश्वासनाची माहिती क्वचितच असेल. केनन यांच्या लेखी मात्र तो युद्धाच्या गरजेचा एक व्यवहार होता. त्यांच्या दृष्टीची ही मर्यादा आहे आणि तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

१९४४ साली ते पुन्हा मॉस्कोला आले. युद्ध संपल्याची बातमी मे १९४५ मध्ये आली, तेव्हा हजारो रशियन नागरिक अमेरिकन वकिलातीसमोर जमून आनंदाने ओरडत होते. राजदूत हॅरिमन परगावी होते. केनन बाहेर आले, एका खांबाच्या चौथऱ्यावर चढले आणि त्यांनी रशियनमधून लोकांचे अभिनंदन केले. त्यांचे रशियावर प्रेम होते, रशियाच्या सत्ताधीशांवर विश्वास नव्हता. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या मनात नांदू शकतात, हे वॉशिंग्टनला समजले नाही आणि मॉस्कोलाही समजले नाही.

आता ती तार. १९४६ च्या फेब्रुवारीत सर्दी, सायनस आणि दातदुखी यांनी बेजार होऊन केनन अंथरुणावर पडले होते. वॉशिंग्टनहून विचारणा आली की रशिया जागतिक बँकेत आणि नाणेनिधीत सामील व्हायला का तयार नाही, याचा खुलासा करावा. दोन वर्षे ते जे कळवत होते, त्याला कोणी हिंग लावून विचारले नव्हते. आता विचारले आहे, तर सगळेच सांगून टाकू, असे त्यांनी ठरवले. पडल्या पडल्या चिटणीस बाईंना मजकूर सांगितला आणि २२ फेब्रुवारी रोजी पाच हजारांहून अधिक शब्दांची, पाच भागांची तार रवाना झाली. तिचा सारांश असा. सोव्हिएत नेत्यांच्या संशयी वृत्तीचे मूळ मार्क्सच्या ग्रंथांपेक्षा रशियन राज्यकर्त्यांच्या पिढीजात असुरक्षिततेत आहे. गोड बोलून ती जाणार नाही. पण हे नेते हिटलरसारखे आततायी नाहीत, ठाम विरोध दिसला की ते माघार घेतात. म्हणून युद्धाची गरज नाही. धीर हवा, आणि स्वतःचा समाज निरोगी ठेवायला हवा. कारण कम्युनिझम रोगट शरीरावरच पोसतो.

तारेने एका रात्रीत त्यांचे नशीब पालटले. वॉशिंग्टनमध्ये तिच्या प्रती हातोहात फिरल्या. १९४७ साली परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी त्यांना नव्या धोरण नियोजन विभागाचे प्रमुख केले. युद्धाने मोडलेल्या युरोपला सुमारे तेरा अब्ज डॉलर्सची मदत देणाऱ्या मार्शल योजनेच्या आखणीत त्यांचा मोठा वाटा होता. मदत कशी वापरायची हे युरोपीय राष्ट्रांनीच एकत्र बसून ठरवावे आणि निमंत्रण रशियालाही असावे, असे दोन्ही आग्रह त्यांनी धरले. त्याच वर्षी जुलैमध्ये फॉरिन अफेअर्स या नियतकालिकात त्यांचा लेख आला. सरकारी अधिकारी म्हणून नाव न घालता नुसते एक्स हे अक्षर घातले होते. लेखक कोण, हे थोड्याच दिवसांत फुटले आणि कंटेनमेंट हा शब्द जगभर झाला.

येथूनच त्यांच्या आयुष्यातील खरी शोकांतिका सुरू होते. लेखात त्यांनी रशियाला रोखण्याची भाषा केली होती, पण कशाने रोखायचे आणि कुठे, हे नीट सांगितले नव्हते. त्यांच्या मनात होते राजकीय आणि आर्थिक उपाय, तेही जगातील मोजक्या औद्योगिक केंद्रांपुरते. वाचणाऱ्यांनी अर्थ घेतला तो सैन्याचा, आणि सगळ्या पृथ्वीचा. वॉल्टर लिपमन या नामांकित पत्रकाराने या धोरणावर लेखमालाच लिहून कडक टीका केली. गंमत अशी की लिपमन यांचे बहुतेक म्हणणे केनन यांना मान्य होते. पुढच्या वर्षी रुग्णालयात असताना त्यांनी लिपमन यांना खुलासा करणारे दीर्घ पत्र लिहिले, पण ते कधी टपालात टाकलेच नाही. मुत्सद्द्याने आपल्या एका शब्दाची व्याख्या करायची राहून जाऊ दिली, आणि पुढे त्या शब्दाच्या नावाने फौजा हलल्या.

त्यानंतर त्यांचे आणि सरकारचे सूर जुळेनासे झाले. नाटोच्या लष्करी करारावर भर देण्यास त्यांचा विरोध होता. जर्मनी एक करून दोन्ही बाजूंच्या फौजा मागे घ्याव्यात, अशी त्यांची सूचना होती. ती फेटाळली गेली. १९५० च्या जानेवारीत हायड्रोजन बॉम्बच्या विरोधात त्यांनी सुमारे ऐंशी पानांचे टिपण लिहिले, तेही बाजूला ठेवण्यात आले. कोरियात अडतिसावे अक्षवृत्त ओलांडू नका, हा त्यांचा इशाराही ऐकला गेला नाही, आणि चीन युद्धात उतरला. त्याच वर्षी ते रजेवर प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेत गेले. तेथे त्यांना बोलावणारे होते रॉबर्ट ओपेनहायमर. पुढे १९५४ साली ओपेनहायमर यांच्या निष्ठेची चौकशी झाली, तेव्हा केनन त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहिले.

१९५२ साली त्यांना राजदूत म्हणून मॉस्कोला पाठवण्यात आले. ज्या पदासाठी त्यांनी जणू चोवीस वर्षे तयारी केली होती, तेथे ते पाच महिनेही टिकले नाहीत. पूर्वीच्या ओळखीचे कोणी भेटेना. घराबाहेर पडले की चार पहारेकरी मागे. घरातही एकांत नव्हता. राजदूतांच्या अभ्यासिकेत अमेरिकेच्या राजमुद्रेची एक लाकडी कोरीव प्रतिकृती टांगलेली होती. ती १९४५ साली सोव्हिएत मुलांनी भेट दिलेली. संशय आला म्हणून तंत्रज्ञ तपासणीला आले. त्यांनी केनन यांना नेहमीसारखे चिटणिसाला मजकूर सांगत राहायला सांगितले. राजदूत एक जुना निरुपद्रवी खलिता मोठ्याने वाचत राहिले आणि तंत्रज्ञ यंत्र घेऊन भिंती धुंडाळत राहिले. शेवटी त्या राजमुद्रेच्या पोटात बॅटरी नसलेले, बाहेरून सोडलेल्या लहरींवर चालणारे ऐकण्याचे यंत्र सापडले. सात वर्षे ते तेथे होते.

हा कोंडमारा घेऊनच १९ सप्टेंबर रोजी ते बर्लिनच्या टेम्पेलहोफ विमानतळावर उतरले. एका वार्ताहराने विचारले की मॉस्कोत रशियन लोकांशी काही संबंध येतो का. केनन यांचा तोल गेला. नाझींच्या नजरकैदेत आपण जसे राहिलो तसेच आता राहतो आहोत, अशा अर्थाचे ते बोलून गेले. ज्या देशाने हिटलरशी लढताना कोट्यवधी माणसे गमावली, त्याची तुलना हिटलरशी! ३ ऑक्टोबर रोजी सोव्हिएत सरकारने त्यांना परत येण्यास मनाई केली. अमेरिकेच्या मॉस्कोतील राजदूतांपैकी असे बाहेर काढले गेलेले ते एकटेच. पत्नी आणि मुले मॉस्कोतच होती, त्यांना आवराआवर करून एकटेच निघावे लागले. शब्द तोलून वापरणे हाच ज्याचा धर्म, त्याने एका क्षणात सगळे घालवले. या चुकीचा दोष त्यांनी पुढे दुसऱ्या कोणावर ढकलला नाही.

नवे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी त्यांना दुसरी जागा दिली नाही. राजदूताला तीन महिन्यांत नवी नेमणूक न मिळाल्यास तो आपोआप निवृत्त होतो, असा नियम होता. तो नियम लागू झाला. १९५३ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, सत्तावीस वर्षांची सेवा संपली. शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला खात्यात ओळखीचे कोणी सापडेना. स्वागतकक्षातील बाईंचा निरोप घेऊन ते बाहेर पडले आणि मोटार चालवत पेनसिल्व्हेनियातील आपल्या शेतावर गेले. त्या शेताजवळच्या गावाचे नाव ईस्ट बर्लिन!

येथे त्यांचे चरित्र संपायला हवे होते. पण निवृत्तीनंतर ते आणखी एकावन्न वर्षे जगले आणि माझ्या मते त्यांचे मोठे काम याच काळातले आहे. ते इतिहासकार झाले. रशियन क्रांतीनंतरच्या अमेरिकन-सोव्हिएत संबंधांवरील त्यांच्या ग्रंथाला १९५७ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि आठवणींच्या पहिल्या खंडाला १९६८ साली पुन्हा मिळाले. मध्ये १९६१ ते १९६३ या काळात केनेडी यांनी त्यांना युगोस्लाव्हियात राजदूत नेमले. टिटोंशी संबंध सुधारत असतानाच अमेरिकन काँग्रेसने त्या देशाच्या व्यापारी सवलती काढून घेतल्या आणि केनन हात चोळत परतले.

१९६६ च्या फेब्रुवारीत सिनेटच्या समितीपुढे व्हिएतनामविषयी त्यांची साक्ष झाली. युरोपसाठी सुचवलेले धोरण त्या भातशेतांत नेऊन लावणे चूक आहे, असे कंटेनमेंटच्या जनकानेच देशाला सांगितले. एका दूरदर्शन कंपनीने ही साक्ष दाखवण्याऐवजी जुना विनोदी कार्यक्रम लावला, तेव्हा तिच्या वृत्तविभागाच्या प्रमुखाने राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी एक विलक्षण घटना घडली. स्टालिनची मुलगी स्वेतलाना आपल्या दिवंगत भारतीय जोडीदाराच्या, ब्रजेश सिंग यांच्या, अस्थी घेऊन भारतात आली होती. तिने मार्च १९६७ मध्ये दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीत आश्रय मागितला. तिला अमेरिकेत आणण्यासाठी स्वित्झर्लंडला जाऊन भेटले ते केनन. त्या उन्हाळ्यात ती त्यांच्याच शेतावर राहिली. बापाने ज्याला हाकलले, त्याच्या घरी मुलगी पाहुणी!

म्हातारपणी अण्वस्त्रांविरुद्ध ते सतत बोलत राहिले. १९८१ साली त्यांनी दोन्ही महासत्तांनी आपला अण्वस्त्रसाठा सरसकट निम्मा करावा असे सुचवले, तेव्हा अनेकांनी त्यांना भाबडे ठरवले. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला. आतल्या आत कुजून ही व्यवस्था बदलेल, हे त्यांचे १९४७ चे अनुमान खरे ठरले, पण त्यांनी विजयोत्सव केला नाही. चाळीस वर्षांच्या शस्त्रस्पर्धेने दोन्ही देशांचे नुकसानच झाले, असे त्यांचे मत होते. १९९७ साली, त्र्याण्णवाव्या वर्षी, नाटोचा रशियाच्या सीमेकडे विस्तार करणे ही घोडचूक ठरेल, असा इशारा त्यांनी दिला. त्याविषयी आजही वाद चालू आहे. १७ मार्च २००५ रोजी, एकशे एकाव्या वर्षी, प्रिन्स्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे अधिकृत चरित्र मृत्यूनंतरच प्रसिद्ध करायचे असे १९८० च्या दशकातच ठरले होते. बिचाऱ्या चरित्रकाराला, जॉन लुई गॅडिस यांना, त्यासाठी २०११ सालापर्यंत थांबावे लागले.

त्यांची पूजा करावी, असे मला वाटत नाही. १९४८ साली अमेरिकेच्या गुप्त कारवायांची यंत्रणा उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. ती आपली सर्वांत मोठी चूक, हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केले. २०१४ साली त्यांची रोजनिशी छापली गेली. तिच्यात कृष्णवर्णीयांविषयी आणि परदेशांतून आलेल्या लोकांविषयी लिहिलेले काही वाचवत नाही. लोकशाहीवर त्यांचा पुरता विश्वास नव्हता. आशिया-आफ्रिकेतील नव्या स्वतंत्र देशांना त्यांच्या नकाशात फारशी जागा नव्हती, मग आपल्याला कोठून असणार? लिस्बनच्या त्या कागदात गोवा दिसत नाही, तो यामुळेच. ज्या लोकांची भाषा त्यांनी शिकली, त्यांना त्यांनी आरपार पाहिले. ज्यांची शिकली नाही, ते त्यांना दिसलेच नाहीत.

हे वाक्य लिहिले आणि मी थबकलो. या वार्षिक अंकाचा कन्नड विभाग माझ्या टेबलावर दर वर्षी येतो. वीस वर्षे या गावात राहून मी त्यातली शीर्षके अक्षर अक्षर जुळवत वाचतो आणि आतला मजकूर समजेल त्याला वाचू दे म्हणून पुढे सरकवतो. शेजारच्या टेबलावर बसणारे माझे सहकारी मात्र माझा मराठी लेख दर वर्षी वाचून दाद देतात. त्या विद्यार्थिनीला मी उत्तर द्यायला निघालो होतो, ते देऊन झाले. या वर्षी कन्नड विभागातला निदान एक लेख मुळातून, कोणाकडून भाषांतर करून न घेता, शेवटपर्यंत वाचायचा असे ठरवले आहे. किती दिवस लागतील ते पाहू.